कुशाबाईच्या विळ्याची मूठ

आहुप्याच्या अलीकडे, घोड नदी जिथं अजून ओढ्याएवढीच आहे, तिथं धारवाडी नावाची वीस-बावीस उंबऱ्यांची वस्ती आहे. गेणभाऊ त्या वाडीचा. उतारावरची भातखाचरं, वर नाचणी-वरईचा तुकडा, चार गुरं आणि बांधावरची हिरड्याची झाडं, एवढा त्याचा पसारा. पण तळेघरापासून डिंभ्याच्या पाण्यापर्यंत लोक त्याला ओळखत ते या पसाऱ्यामुळं नव्हे. विळा कुठल्याही लोहाराचा असो, मूठ गेणभाऊनं बसवलेली असावी, असं त्या मुलखातल्या बायका म्हणत. भात कापताना दिवसातून हजार वेळा मनगट वळतं. मूठ हलली तर तळहाताला फोड येतात, निखळली तर पातं पायावर येतं. गेणभाऊची मूठ हलत नसे.

तो मूठ बसवायचा ती राळेनं. वाडीच्या वरच्या अंगाला देवराई आहे, तिथं धुपाची तीन जुनी झाडं आहेत. त्यांच्या सालीतून काळसर चीक पाझरतो, वाऱ्यावर वाळतो आणि काचेच्या खड्यांसारखा बुंध्याला लोंबतो. तीच राळ. देवराईत लोखंड न्यायची बंदी, म्हणून हाताला येतील ते खडे खुडायचे, पडलेले वेचायचे. झाडाला घाव घातला तर एका दिवसात पायलीभर राळ मिळेल हे गेणभाऊला ठाऊक होतं, त्याच्या बापालाही ठाऊक होतं. तरी तीन झाडांची वर्षभराची राळ त्यांच्या घरी एका तांब्यात मावायची.

राळ खापरात घालून शेणीच्या विस्तवावर ठेवायची. ज्वाळ नको, नुसती धग. वितळली की गाळून घ्यायची, त्यात सुपारीएवढं मेण, मग कोळशाची वस्त्रगाळ पूड. विळ्याचं लोखंडी शेपूट तापवायचं, मुठीच्या भोकात राळ ओतायची, शेपूट आत घालायचं आणि एक विडी संपेपर्यंत दाबून धरायचं. सगळी करामत खापर विस्तवावरून कधी उतरवायचं यात. लवकर उतरवलं तर राळ उन्हाळ्यात पाघळते. उशीर झाला तर करपते, वरून चकाकते पण आतून खडीसाखरेसारखी ठिसूळ होते आणि पहिल्याच जोराच्या झटक्याला फुटते. ती वेळ डोळ्यांना दिसत नाही. थेंब दगडावर टाकून बघावा, तर तो गार होईपर्यंत खापरातली राळ पुढं गेलेली असते. ती वेळ नाकाला कळते. आधी देवळासारखा वास येतो, मग कैरीच्या चिकासारखा तिखट, डोक्यात जाणारा. तो तिखटपणा मावळला की घटकाभर नव्हे, श्वासभर गुळासारखा गोडूस वास सुटतो. त्या एका श्वासात खापर खाली आलं पाहिजे.

धारवाडीत एक चाल आहे. बाई गेली की तिचा विळा बाहेर काढतात. पातं लेकीला नाहीतर सुनेला मिळतं, मूठ मात्र बाईबरोबर जाते, कारण तिच्या हाताचा घाम त्या लाकडात मुरलेला असतो. लोखंडासकट मूठ दिली तर बाईचे हात कामातून मोकळे होत नाहीत, असं मानतात. आणि पातं नि मूठ वेगळी करायची ती ज्यानं मूठ बसवली त्यानंच. तो पात्याची मान निखाऱ्यावर धरतो, राळ मऊ पडते, मूठ अलगद हातात येते. मग तो मोठ्यानं एकच शब्द म्हणतो, "सुटली." तो शब्द कानावर पडल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत.

गेणभाऊला बसवण्यापेक्षा या सोडवण्याचा अभिमान जास्त. "चिकटवाया काय, कुणालाबी येतंय," तो म्हणायचा. "सुटायच्या टायमाला सुटलं पाह्यजे. लाकडाला डाग न्हाई, लोखंडाला वळ न्हाई."

"माझ्या टायमाला हात थरथरू देऊ नका म्हंजी झालं," असं त्याची बायको कुशाबाई म्हणायची. मुठींचं शिवण झाडाचं लाकूड दगडावर घासून गुळगुळीत करायचं काम तिचं.

"तू माझ्या आदी जाणार व्हय?"

"मंग काय. तुमच्या माघारी माझी मूठ कोन सोडवणार? रामनाथ? त्याला गाडीचं टायर सोडवाया येतंय."

रामनाथ हा गेणभाऊचा पुतण्या, वाडीतून घोडेगावला जीप चालवायचा. तोही हसायचा.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेणभाऊला ताप आला. आठ दिवस दवाखान्यात काढून तो परत आला, अंगात ताकद आली, जेवण जाऊ लागलं. पण नाक गेलं ते आलंच नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, सर्दी असेल. मग एकदा देवराईतून आणलेला राळेचा खडा त्यानं निखाऱ्यावर टाकला, धुरावर तोंड धरलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि वास मात्र कसलाच नाही. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला त्याच्याकडं शब्द नव्हता. हात मोडला तर झोळीत घालून दाखवता येतो.

एका सकाळी चुलीवर दूध उतू जाऊन करपलं. कुशाबाई अंगणातून धावत आली तेव्हा गेणभाऊ चुलीशेजारीच, पाठमोरा, मूठ तासत बसला होता. घरभर करपट वास कोंदला होता आणि त्याची मान हलली नव्हती. कुशाबाईनं पातेलं उतरवलं आणि त्याच्याकडं पाहिलं.

त्यानंतर तो राळेला बसला की तीही जवळ येऊन बसू लागली. हिरडा निवडायची, नाहीतर नुसतीच बसायची. आणि नेमक्या वेळेला विचारायची, "चा टाकू का?"

तो खापर उतरवायचा. पहिल्यांदा त्यानं ते सहज उतरवलं असेल. दुसऱ्यांदा त्याला कळलं. तो तिच्याकडं न बघता "टाक" म्हणाला, आणि ती चहा टाकायला उठली नाही. एवढंच दोघांत झालं. पुढं दोन वर्षं हे असंच चाललं आणि गेणभाऊच्या मुठी पहिल्यासारख्याच पक्क्या बसत राहिल्या.

मधे पुण्याहून वैजयंती नावाची एक मुलगी आली, बरोबर दोघं जण. जुन्या काळच्या माणसांसारखी हत्यारं करून बघायचा त्यांना नाद होता. दगडाची पाती काठीला कशानं चिकटवत असतील, ते शिकायला कुणीतरी त्यांना गेणभाऊकडं धाडलं होतं. वैजयंती वही उघडून बसली.

"राळ किती ग्रॅम घ्यायची, काका?"

"जेवढी असंल तेवढी."

"आणि किती मिनिटं तापवायची?"

"मिंटं न्हाई. वासावर."

"म्हणजे कसला वास येतो? आत्ता कुठला येतोय?"

गेणभाऊ खापरात बघत राहिला. काडीनं राळ ढवळली. "आत्ता... येतोय की," तो म्हणाला.

दारात बसलेली कुशाबाई म्हणाली, "कैरीवानी येतोय न्हवं, ताई? नाकात जातंय बघा. अजून थांबायचं." आणि थोड्या वेळानं, "चा टाकू का?"

गेणभाऊनं खापर उतरवलं. वैजयंती म्हणाली, "नको काकू, आत्ताच झाला." कुशाबाई म्हणाली, "बरं, ऱ्हाऊंद्या." ती पदरात तोंड घालून हसत होती. पाहुणी मंडळी दगडाचं पातं काठीला बसवून आनंदानं गेली. त्या संध्याकाळी गेणभाऊ तिला म्हणाला, "लई हुशार झालीस." पहिलं आणि शेवटचं, जे काय तो या विषयावर बोलला ते हेच.

पुढच्या पावसात कुशाबाईला दम लागू लागला. आधी चढावर, मग अंगणात, मग बसल्या जागी. घोडेगावच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की छाती खराब आहे, धूर लागता कामा नये. गेणभाऊनं घरातली चूल बंद केली, रामनाथच्या ओळखीनं गॅस आणला. राळेचा विस्तव त्यानं लांब गोठ्यामागं नेला. तिला धुराची लहर येऊ नये म्हणून तो वाऱ्याची दिशा बघून विस्तव पेटवायचा. तिथून घराचं दार दिसत नव्हतं.

भातकापणी तोंडावर आलेली. बायका विळे घेऊन आल्या. बसवत नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. बुडबुडे बघून जमेल, काडीवरचा तंतू बघून जमेल, चाळीस वर्षं आपण हेच करतोय, असं त्यानं मनाला समजावलं. कुशाबाईचाही विळा त्यानं त्या खेपेला नव्यानं बसवला. ती कापणीला जाणार नव्हती, पण म्हणाली होती, "कडंला बसून चार पेंढ्या कापते. हाताला चैन पडंल." मूठ बसवून त्यानं तिच्या हातात दिली. तिनं ती मुठीत धरली, नाकाजवळ नेली, आणि म्हणाली, "चांगली बसलीय."

मुठींची तक्रार घेऊन त्या साली कुणी आलं नाही. त्याला वाटलं, जमलं.

पौषात, सकाळी ऊन अंगणात उतरायच्या वेळेला, कुशाबाई गेली.

लेक रुपाली आळे गावी दिलेली, ती अकराच्या सुमारास आली. आईच्या उशाशी बसून रडली. माणसं जमली. तिरडी बांधून झाली. गेणभाऊची भावजय कोंडाबाई, रामनाथची आई, आत गेली आणि आढ्याला खोचलेला विळा काढून तिनं गेणभाऊच्या हातात दिला. देताना ती त्याच्याकडं बघत नव्हती.

अंगणात निखारे काढून ठेवले होते. गेणभाऊ उकिडवा बसला, पात्याची मान निखाऱ्यावर धरली. त्याचा हात थरथरत नव्हता, हे त्यानं स्वतःच बघून घेतलं. आजवर जेवढ्या मुठी सोडवल्या त्यांत ही सगळ्यांत हळुवार सोडवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. राळेला धग लागायला वेळ लागत नाही. शंभर आकड्यांच्या आत मूठ हलते.

ती हलली नाही.

त्यानं पातं परतलं, दुसऱ्या बाजूनं धरलं. मानेपाशी पांढुरका धूर निघू लागला. भोवतीच्या बायकांनी एकेक करून पदर नाकातोंडाला लावले. गेणभाऊला वाटलं, रडू येतंय त्यांना. त्याला बरं वाटलं. कुशासाठी माणसं रडतात. त्यानं फडक्यानं मूठ धरून ओढली, पिळली. शिवणीचं लाकूड कडेला काळं पडलं, आणि त्याच्या हातून आजवर मुठीला डाग पडला नव्हता.

"आबा, बास करा," रुपाली म्हणाली.

"थांब, बाई. मऊ पडतीय."

कुणीतरी खोकलं. दोन म्हातारे उठून लांब जाऊन बसले. गेणभाऊनं निखाऱ्यावर फुंकर घातली आणि पातं पुन्हा धरलं. धूर दाट झाला, पिवळट झाला.

"रामनाथ," कोंडाबाई म्हणाली, "आता तोंड उघड. किती येळ बसवतूस त्यास्नी?"

रामनाथ पुढं आला, गेणभाऊच्या शेजारी बसला. "नाना, ती राळ न्हाई."

"राळच हाय. मीच बसवली."

"तुमी बसवली ती दिवाळीच्या आदी खाचरात निघाली. चौथ्या पेंढीला. काकूनं मला बलावलं. म्हनली, नानास्नी कळू देऊ नको. मंग मी बाजारातनं ते दोन ट्यूबांचं आणलं, मिसळून लावायचं असतंय ते. त्येनं बसवली. वरनं एक चूक, बारका खिळा, ठोकली, आन तिच्यावर काजळी फासली."

गेणभाऊनं मुठीकडं पाहिलं. काजळी जळून गेली होती आणि मानेपाशी चुकेचं बारीक डोकं लकाकत होतं.

"धुराचा वास येतोय?" त्यानं हळू विचारलं.

"समद्यास्नी येतोय, नाना. प्लॅस्टिक जळल्यावानी."

गेणभाऊनं मान वर केली. बायकांचे पदर अजून नाकाला होते आणि डोळे कोरडे होते.

"आनखी कुनाकुनाची निघाली?"

ज्या बायका त्या साली विळे घेऊन आल्या होत्या, त्या सगळ्या खाली बघत होत्या. मग त्याला कळलं की घोडेगावच्या बाजारातून रामनाथच्या जीपमध्ये कितीतरी विळे खेपा करून आले असतील, आणि प्रत्येकीला कुशानं अंथरुणावरून हात जोडले असतील.

त्यानं विळा रामनाथच्या पुढं धरला. "बसवली तू. सोडव तू."

"मला न्हाई येत, नाना. ते सुटत नसतंय."

"मंग काय येतंय तुला ते कर."

रामनाथनं चूक उपटायचा प्रयत्न केला, ती तुटली. त्यानं मूठ ओंडक्यावर उभी धरली आणि कुऱ्हाडीचं पातं तिच्यावर टेकवून दगडानं ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला मूठ उभी चिरली. पातं एका बाजूला पडलं, त्याच्या शेपटाला पिवळा काचेसारखा थर तसाच चिकटलेला. रुपालीनं ते उचललं. मुठीच्या दोन फाका गेणभाऊनं हातात घेतल्या. भोकाच्या तळाशी, जिथवर रामनाथ पोचला नव्हता, तिथं त्याची स्वतःची राळ उरली होती. त्यानं ती नखानं खरवडली. बोटांत धरली तशी तिची पूड झाली. करपलेली होती. नाकाची गरज नव्हती, बोटांनीही कळत होतं.

वाडीतले वयानं मोठे भिमाजी पुढं आले. "गेणभाऊ, उन्हं चढली. शब्द द्या."

रामनाथ म्हणाला, "नानाच म्हणतील."

सगळे थांबले. एक शब्द. तो म्हटला असता तर कुणी अडवलं नसतं, उलट सगळ्यांना हायसं वाटलं असतं. रुपाली त्याच्याकडं बघत होती, डोळ्यांनी म्हणत होती, म्हणा. गेणभाऊनं तोंड उघडलं. पण मूठ हातात अलगद आल्याशिवाय तो शब्द त्यानं कधी उच्चारला नव्हता, आणि कुशाच्या बाबतीत पहिल्यांदा खोटा उच्चारावा हे त्याच्या जिभेला जमेना. त्यानं दोन्ही फाका जुळवून तिच्या उजव्या हाताशी ठेवल्या.

"तुटली," तो म्हणाला.

भिमाजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग खांदेकऱ्यांना खूण केली, आणि माणसांनी तिरडी उचलली.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा लवकर शिवला नाही, तेव्हा वाडीत कुजबूज झाली. घरी येताना कोंडाबाई त्याला म्हणाली, "भावजी, म्हनला असता तर काय बिघडलं असतं? तिला काय कळणार व्हतं?"

"तिलाच कळलं असतं," गेणभाऊ म्हणाला.

तेराव्यानंतर रुपाली आळ्याला परत गेली. आईचं पातं तिनं ओढणीत गुंडाळून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेणभाऊ घरोघर निघाला. प्रत्येक ओसरीवर एकच म्हणायचा, "औंदा बसवलेला इळा दावा."

"चांगला हाय की, भाऊ," भिमाजींची सून म्हणाली. "घरात न्हाई, रानात राहिलाय."

"लई पक्का बसलाय," दुसऱ्या घरी म्हणाले. तिसऱ्या घरी म्हातारीनं विळा दाखवला, पण मूठ पदराखाली झाकून. मानेपाशी पिवळी चकाकी तरी दिसलीच. "बरंय," म्हणून गेणभाऊ पुढं झाला. त्याला कुणाचा राग आला नव्हता. लोक त्याच्यासाठी खोटं बोलत होते, आणि ते ऐकून घेताना त्याची मान मात्र दर उंबऱ्याला थोडी खाली जात होती.

वाडीच्या शेवटी, देवराईच्या वाटेवर, लंकाबाईचं घर. ती कुशाच्या वयाची, एकटी राहणारी. अंगणात हिरडा वाळत घालत होती. गेणभाऊनं विचारलं तशी ती आत गेली आणि दोन वस्तू घेऊन आली. एका हातात पातं, एका हातात मूठ. दोन्ही त्याच्यापुढं ओसरीवर ठेवल्या.

"कापणीच्या पयल्याच दिशी निघाली," ती म्हणाली. "पायावर आलं व्हतं, थोडक्यात वाचले. रामनाथ म्हनला, बसवून आणतो. मी न्हाई दिली. मूठ तुमचीच व्हती, तुमी याल तवा बघू म्हनलं."

"मंग कापणी कशानं केलीस?"

"शेजारणीचा इळा मागून. दुपारचा मिळायचा."

गेणभाऊ ओसरीवर बसला. पात्याचं शेपूट त्यानं हातात घेऊन बघितलं, मुठीच्या भोकात बोट घातलं. बोट काळं झालं. ते त्यानं धोतराला पुसलं नाही, तसंच धरून बसला.

"मला वास येत न्हाई, लंका," तो म्हणाला. "तापात गेला. तीन सालं झाली."

पुन्हा हिरड्याला लागलेल्या लंकाबाईनं हात थांबवला नाही. "ठावं हाय."

"कवापास्नं?"

"कुशानं सांगितलं व्हतं. पयल्याच साली. तिला तेवढंच एक बोलायला मी व्हते."

खाली खाचरांत भाताची धसकटं वाळून पिवळी पडली होती. लंकाबाईनं हिरड्याचा एक थर हातानं सारखा केला आणि दुसऱ्याला लागली.

"घिऊन जा," ती शेवटी म्हणाली. "जमंल तवा बसवा. मला घाई न्हाई."

गेणभाऊनं पातं आणि मूठ ओसरीच्या कडेला शेजारी-शेजारी ठेवली. "रामनाथकडं दे," तो म्हणाला. "चूक आतल्या अंगानं ठोकायला सांग. हाताला लागाया नगं."

तो उठला. देवराईच्या वाटेला न वळता, उन्हातून, एकेक पायरी बघत, घराकडं उतरू लागला.